पूल : खेळ, खेळाडू आणि लोकमत

'पूल' हा शब्द कानी पडला, की आपल्याकडील बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नदीवरील पूल उभा राहतो. हिरव्या किंवा निळ्या बनातीने मढविलेल्या टेबलावर लांब काठीने चेंडू मारण्याचा एक खेळही याच नावाचा आहे, हे गेल्या दोन-तीन दशकांत शहरांतील व मोठ्या तालुक्यांच्या गावांतील लोकांना माहीत झाले आहे. परंतु ही माहिती बहुधा खेळ पाहून झालेली नाही. अर्धवट उघडे दार, आतला मंद उजेड, टेबलावर लोंबणारा दिवा आणि हातात काठ्या घेऊन उभी असलेली तरुण मुले, एवढेच दृश्य रस्त्याने जाणाऱ्याच्या नजरेस पडते आणि तेवढ्यावरून तो आपले मत बनवितो. 'ही मुले वाया गेली' हे ते मत होय.

या मतामागील काळजी समजण्यासारखी आहे. शाळा-महाविद्यालयाच्या वेळात मुले अशा जागी बसू लागली, तेथे धूम्रपान होऊ लागले, पैशांच्या पैजा लागू लागल्या, तर पालकांनी आणि शिक्षकांनी स्वस्थ कसे राहावे? तथापि हे दोष जागेचे आहेत, की खेळाचे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो न विचारल्यामुळे एका कठीण आणि सुंदर खेळाच्या कपाळी बदनामी आली आणि या खेळात वर्षानुवर्षे मेहनत करणाऱ्या खेळाडूला आपण खेळाडू आहोत हे घरच्या माणसांनाही पटवून द्यावे लागले. ही बदनामी कशी निर्माण झाली, ती कितपत खरी आहे आणि तिच्यातून मार्ग कसा निघू शकतो, याचा विचार येथे केला आहे.

खेळाची ओळख

ज्यांनी कॅरम खेळला आहे, त्यांना पूल समजण्यास वेळ लागणार नाही. कॅरममध्ये स्ट्रायकरने सोंगटी भोकात घालावयाची असते. पूलमध्ये पांढऱ्या चेंडूने रंगीत चेंडू टेबलाच्या सहा पॉकेटांपैकी एकात घालावयाचा असतो. पांढरा चेंडू बोटाने न ढकलता 'क्यू' नावाच्या निमुळत्या काठीच्या टोकाने मारावयाचा असतो. टेबलाची लांबी रुंदीच्या दुप्पट असते. स्पर्धेचे टेबल साधारणपणे ९ फूट लांब व साडेचार फूट रुंद असते. बनातीखाली पाटीच्या दगडाचे सपाट तळ असते आणि कडेने रबरी कुशन असते.

'एट-बॉल' या प्रकारात पांढऱ्याखेरीज पंधरा चेंडू असतात. १ ते ७ क्रमांकांचे चेंडू पूर्ण रंगाचे आणि ९ ते १५ क्रमांकांचे पट्ट्यांचे असतात. आपल्या वाट्याचे सातही चेंडू घातल्यानंतर ८ क्रमांकाचा काळा चेंडू घालणारा खेळाडू जिंकतो. 'नाइन-बॉल' या प्रकारात नऊच चेंडू असतात. टेबलावर शिल्लक असलेल्या सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूला प्रत्येक वेळी पांढरा चेंडू प्रथम लागला पाहिजे आणि नियमानुसार नववा चेंडू घालणारा विजयी ठरतो. बिलियर्ड्स आणि स्नूकर हे पूलचेच नातेवाईक. ते १२ फूट लांब व ६ फूट रुंद अशा मोठ्या टेबलावर खेळले जातात. बिलियर्ड्समध्ये तीन, तर स्नूकरमध्ये बावीस चेंडू असतात. या तिन्ही खेळांना मिळून 'क्यू स्पोर्ट्स' असे म्हटले जाते.

समोरचा चेंडू पॉकेटात घालणे ही या खेळातील पहिली आणि त्यामानाने सोपी गोष्ट. तो घातल्यावर पांढरा चेंडू कोठे जाऊन थांबेल, यावर पुढचा डाव अवलंबून असतो. त्यामुळे चांगला खेळाडू एक चेंडू मारताना त्यापुढच्या दोन-तीन चेंडूंचा हिशेब मनात मांडून ठेवतो. पांढऱ्या चेंडूच्या मध्याच्या वर मारल्यास तो पुढे जातो, खाली मारल्यास टक्कर होऊन मागे फिरतो आणि बाजूला मारल्यास कुशनला लागून वेगळ्या कोनाने परततो. क्यूच्या टोकाला खडू लावतात तोही याचसाठी. घर्षण पुरेसे नसेल, तर टोक चेंडूवरून निसटते आणि डाव फसतो.

विज्ञानाच्या शिक्षकांना या टेबलावर एक तयार प्रयोग सापडेल. सारख्या वजनाचे दोन चेंडू तिरकस आदळले आणि मारणाऱ्या चेंडूला त्या क्षणी फिरकी नसली, तर टकरीनंतर दोन्ही चेंडू जवळजवळ काटकोनात अलग होतात. संवेग आणि ऊर्जा यांच्या अक्षय्यतेचे नियम येथे डोळ्यांनी पाहता येतात. गॅस्पार गुस्ताव्ह कोरिओलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३५ मध्ये बिलियर्ड्सच्या गणितावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पृथ्वीच्या परिवलनामुळे वाऱ्यांची दिशा बदलते त्या परिणामाला ज्याचे नाव दिलेले आहे, तोच हा कोरिओलिस. ज्या खेळावर अशा विद्वानाने ग्रंथ लिहावा, तो खेळ रिकामटेकड्यांचा म्हणून हिणवला जावा, हा विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे.

बदनामी नावातच

पूल या नावाच्या मुळाशीच पैज आहे. सर्व खेळाडूंनी मिळून जमा केलेली बाजीची रक्कम, या अर्थाच्या 'पूल' या फ्रेंच शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत 'पूलरूम' म्हणजे घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याची जागा. दोन शर्यतींच्या मधल्या वेळात गिऱ्हाइकांनी उठून जाऊ नये, म्हणून मालकांनी तेथे बिलियर्ड्सची टेबले मांडली. जुगार घोड्यांवर चालत असे. टेबल फक्त वेळ घालविण्यासाठी होते. पण पूलरूमचे नाव टेबलावरच्या खेळाला चिकटले आणि नावाबरोबर पूलरूमची अपकीर्तीही आली. पुढे खेळाची साधने बनविणाऱ्यांनी आणि प्रतिष्ठित खेळाडूंनी 'पॉकेट बिलियर्ड्स' हे सभ्य नाव रूढ करण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. लोकांच्या तोंडी मात्र 'पूल' हेच राहिले.

या टेबलाविषयीचा संशय त्याहून जुना आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी अध्यक्षीय निवासस्थानात बिलियर्ड्सचे एक टेबल ठेवले होते. अध्यक्षांच्या घरात जुगाराचे साहित्य आणले गेले, असा गवगवा त्यांच्या विरोधकांनी केला आणि १८२८ च्या निवडणुकीच्या प्रचारातही हा विषय गाजला. टेबलाचा खर्च अ‍ॅडम्स यांनी स्वतः सोसला होता. पण एकदा पडलेला डाग पुसणे कठीण गेले.

समाजाची ही नजर कायद्यातही कशी उतरली, याचे एक उदाहरण प्रशासनात काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कॅलिफोर्नियातील साउथ पॅसाडेना या लहान शहराने भाड्याने खेळावयाच्या बिलियर्ड्स व पूलच्या टेबलांवर बंदी घातली. एका व्यावसायिकाने त्याविरुद्ध दाद मागितली. १९१२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी वैध ठरविली. खेळ स्वतः निर्दोष असला, तरी अशा सार्वजनिक जागांमधून आळस व इतर दुर्गुण फोफावण्याचा संभव असल्यास नगरपालिका त्यांना आळा घालू शकते, असा निकालाचा आशय होता. या बंदीला एक अपवाद होता. पंचवीस किंवा अधिक खोल्या असलेल्या हॉटेलांना आपल्या पाहुण्यांसाठी टेबल ठेवण्याची मुभा होती. मोठ्या हॉटेलातील पाहुण्याने खेळला तर विरंगुळा आणि रस्त्यावरच्या मुलाने भाडे देऊन खेळला तर दुर्गुण, असा हा न्याय होता.

अमेरिकेतील या मनोवृत्तीची मार्मिक थट्टा १९५७ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या 'द म्यूझिक मॅन' या संगीतिकेत केलेली आहे. एक भामटा एका छोट्या गावात येतो. त्याला बँडची वाद्ये विकावयाची असतात. गावात नुकतेच पूलचे टेबल आले आहे, आता तुमची मुले बिघडणार, अशी भीती तो गावकऱ्यांना घालतो आणि मुलांना वाचविण्याचा उपाय म्हणून बँड पुढे करतो. पूलच्या खेळाचा त्याला राग नसतो. लोकांच्या मनात आधीच असलेली भीती आपल्या उपयोगी पडते, एवढे त्याने ओळखलेले असते.

एकाच खेळाचे दोन चेहरे

अमेरिकेतील पूलचे सर्वांत मोठे नाव म्हणजे विली मॉस्कोनी. १९१३ मध्ये फिलाडेल्फिया येथे जन्मलेल्या या खेळाडूने १९४१ ते १९५७ या काळात पंधरा वेळा जागतिक विजेतेपद मिळविले. १९५४ मध्ये ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे एका प्रदर्शनीय सामन्यात त्यांनी एकदाही न चुकता ओळीने ५२६ चेंडू पॉकेटात घातले. या मॉस्कोनींच्या बालपणाची हकीकत बोलकी आहे. त्यांच्या वडिलांचीच पूलची जागा होती. तरीही मुलाने हा खेळ खेळू नये असे वडिलांना वाटत असे. त्यांनी चेंडू कुलपात ठेवले, तेव्हा लहानग्या विलीने बटाटे आणि झाडूची काठी घेऊन सराव चालू ठेवला. ज्या धंद्यावर घर चालत होते, तो खेळ आपल्या मुलाने मात्र खेळू नये, असे त्या बापाला वाटावे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

मॉस्कोनी नेहमी टापटिपीचा सूट घालून खेळत. हा सभ्य माणसांचा खेळ आहे, हे दाखविण्याचा त्यांचा प्रयत्न आयुष्यभर चालू होता. परंतु सामान्य माणसाच्या मनात ठसला तो दुसराच चेहरा. वॉल्टर टेव्हिस यांच्या १९५९ मधील कादंबरीवरून १९६१ मध्ये 'द हसलर' हा चित्रपट निघाला. मुद्दाम हरत हरत समोरच्याला गाफील ठेवावयाचे, बाजी वाढली की खरा खेळ दाखवून त्याचा खिसा रिकामा करावयाचा, हा 'हसलर'चा धंदा. चित्रपट फार गाजला. त्यामुळे ओस पडलेल्या पूलच्या जागा पुन्हा भरल्या, टेबलांचा खप वाढला. या चित्रपटाला तांत्रिक सल्ला देणारे आणि त्यातील अनेक अवघड फटके स्वतः मारणारे गृहस्थ मॉस्कोनीच होते. खेळ लोकप्रिय झाला, पण लबाडीच्या कथेतून झाला, याचे त्यांना वैषम्य वाटत राहिले.

या दोन चेहऱ्यांची समोरासमोर गाठ १९७८ मध्ये पडली. रूडॉल्फ वाँडरोन नावाचा एक बोलघेवडा खेळाडू कादंबरीतील 'मिनेसोटा फॅट्स' हे पात्र आपल्यावरूनच बेतले आहे असे सांगून तेच नाव लावीत असे. लेखकाने हा दावा नाकारला होता. फॅट्सच्या नावावर एकही मोठे विजेतेपद नव्हते. त्याच्याजवळ किश्शांचा आणि फुशारक्यांचा मोठा साठा मात्र होता. अमेरिकन दूरचित्रवाणीने त्याचा व मॉस्कोनींचा सामना लावला. सामना मॉस्कोनींनी जिंकला. परंतु पूलच्या खेळाडूचे नाव विचारले असता पुष्कळ लोक नंतरही फॅट्सचेच नाव घेत. विजेता टेबलावर ठरला, तरी लौकिक टेबलाबाहेर ठरत होता.

फिलिपाइन्समधील चित्र वेगळे आहे. १९५४ मध्ये जन्मलेले एफ्रेन रेयेस लहानपणी मनिला येथे आपल्या नातेवाइकाच्या पूलच्या जागेत काम करीत आणि रात्री टेबलावरच झोपत. त्यांनी सुरुवातीची गुजराण पैजेच्या सामन्यांवर केली, हे ते लपवीत नाहीत. १९९९ मध्ये ते नाइन-बॉलचे आणि २००४ मध्ये एट-बॉलचे जागतिक विजेते झाले. त्यांच्या देशात त्यांचे नाव मुलाबाळांच्या तोंडी आहे. तेथे पूल हा गल्लीबोळांतील सामान्यांचा खेळ असल्यामुळे त्यातून वर आलेल्या माणसाकडे लोकांनी आपल्यातला मोठा खेळाडू म्हणून पाहिले. खेळ तोच, गरिबी आणि पैजेची पार्श्वभूमीही तीच. लोकांची नजर तेवढी निराळी.

आपल्याकडील स्थिती

आपल्या देशात या खेळांचा प्रवेश उलट दिशेने, म्हणजे वरच्या पायरीवरून झाला. ब्रिटिश अंमलात लष्करी छावण्यांतील मेस, जिमखाने आणि साहेबांचे क्लब येथे बिलियर्ड्सची टेबले होती. स्नूकर या खेळाचा तर जन्मच आपल्या देशातला. १८७५ मध्ये जबलपूर येथील लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने तो सुरू केला आणि पुढे उटी येथील क्लबात त्याचे नियम लावले गेले, असे मानले जाते. त्यामुळे 'हा साहेबांचा, श्रीमंतांचा खेळ' ही आपल्याकडील पहिली समजूत. १९९० नंतरच्या काळात शहरोशहरी पूलची लहान टेबले भाड्याने मिळू लागली, तेव्हा 'हा टवाळखोरांचा खेळ' ही दुसरी समजूत तिच्या शेजारी येऊन बसली. एकाच खेळाला एका बाजूने चैन आणि दुसऱ्या बाजूने व्यसन म्हणून नावे ठेवली जातात. या दोहोंच्या मध्ये दररोज पाच-सहा तास एकच फटका घोटणारा खेळाडू कोणाच्याच दृष्टीस पडत नाही.

वास्तविक या खेळांनी देशाला दिलेला मान थोडा नाही आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा ठळक आहे. २ मे १९२२ रोजी पुणे येथे जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकाता येथे जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली. स्वतंत्र भारताचा वैयक्तिक खेळातील पहिला जागतिक विजेता म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १९६४ मध्ये न्यूझीलंड येथे त्यांनी ही कामगिरी पुन्हा केली. राष्ट्रीय बिलियर्ड्स विजेतेपद त्यांनी बारा वेळा मिळविले. अर्जुन पुरस्कार, १९६५ मध्ये पद्मश्री आणि १९९६ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार देऊन त्यांचा गौरव करण्यात आला. २००३ मध्ये मुंबई येथे त्यांचे निधन झाले. आपल्या शाळांतील किती विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक आहे, हे शिक्षकांनी वर्गात एकदा विचारून पाहावे.

मुंबईचे मायकेल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ असे तीन वेळा जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले. १९८१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांनी ती नाकारली. क्रिकेटपटू सुनील गावसकर यांना पद्मभूषण देण्यात आले असताना जागतिक विजेत्याला त्याखालचा सन्मान का, हा त्यांचा सवाल होता. त्या वेळी त्यावर बरीच चर्चा झाली. १९८३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. हा वाद दोन व्यक्तींमधील नव्हता. मैदानावर हजारोंच्या साक्षीने खेळला जाणारा खेळ आणि बंद खोलीत मोजक्या लोकांसमोर खेळला जाणारा खेळ यांचे मोल एकाच तराजूत कसे करावे, हा त्यातला खरा प्रश्न होता. तो आजही पूर्णपणे सुटलेला नाही.

पुढील नामावलीही दीर्घ आहे. ओम अगरवाल यांनी १९८४ मध्ये डब्लिन येथे जागतिक हौशी स्नूकर विजेतेपद मिळविले. मुंबईचे यासीन मर्चंट आशियाई स्नूकर विजेते झाले. गीत सेठी यांना देशाचा सर्वोच्च क्रीडा सन्मान असलेला खेलरत्न पुरस्कार तो सुरू झाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी मिळाला. पुणे येथे जन्मलेले आणि बंगळूर येथे घडलेले पंकज अडवाणी यांनी बिलियर्ड्स व स्नूकर या दोन्हींत मिळून पंचवीसहून अधिक जागतिक विजेतेपदे मिळविली. खेलरत्न, पद्मश्री आणि २०१८ मध्ये पद्मभूषण असे सन्मान त्यांना लाभले. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शासनाने या खेळाडूंचा सन्मान केलेला आहे. उणीव आहे ती लोकमान्यतेची. आणि ती पुरस्काराच्या यादीतून मिळत नसून गावात, शाळेत आणि घरात मिळावी लागते.

जागतिक पातळीवरही या खेळांची स्थिती अशीच अर्धवट मान्यतेची राहिली आहे. क्यू स्पोर्ट्सच्या जागतिक महासंघाला १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने मान्यता दिली. परंतु प्रत्यक्ष ऑलिंपिकमध्ये हे खेळ अद्याप आलेले नाहीत. १९९८ च्या बँकॉक येथील आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांचा समावेश झाला आणि अशोक शांडिल्य व गीत सेठी यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. २००६ आणि २०१० मध्ये अडवाणी यांनी सुवर्णपदके जिंकली. त्यानंतर २०१४ पासूनच्या तीन आशियाई स्पर्धांतून हे खेळ वगळले गेले. आपल्याकडे पालकांचा, महाविद्यालयांचा आणि वृत्तपत्रांचा ओढा ऑलिंपिक व आशियाई स्पर्धांतील खेळांकडे असतो. त्यामुळे यादीतून नाव गळले, की खेळाडूच्या पायाखालची जमीन सरकते, याची कल्पना बाहेरच्यांना येत नाही.

कायदा काय पाहतो

पूल हा जुगार आहे काय, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. आपल्या राज्यात या विषयाचा मूळ कायदा १८८७ चा आहे. पूर्वी मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम म्हणून ओळखला जाणारा हा कायदा आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या १३ व्या कलमानुसार निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये आणि पुन्हा १९९६ मध्ये या तत्त्वाचे विवेचन केले आहे. ज्या खेळात यश मुख्यतः दैवावर अवलंबून असते तो जुगार आणि ज्यात कौशल्याचे प्राधान्य असते तो जुगार नव्हे, हे त्याचे सार होय. पत्ते पिसताना कोणते पान येईल हे कोणाच्या हाती नसते. पूलच्या टेबलावर मात्र सर्व चेंडू दोन्ही खेळाडूंना उघड दिसत असतात आणि आरंभीच्या फोडीत दैवाचा थोडा भाग असला, तरी पुढचा डाव हाताच्या व नजरेच्या जोरावरच चालतो.

येथे एका प्रचलित रिवाजाचा उल्लेख केला पाहिजे. भाड्याच्या टेबलावर 'हरणाऱ्याने टेबलाचे पैसे द्यावयाचे' अशी प्रथा अनेक ठिकाणी असते. खेळणाऱ्यांना ती स्वाभाविक वाटते. परंतु पैशाचा संबंध खेळाशी पहिल्यांदा जुळतो तो येथेच. आज टेबलाचे भाडे, उद्या चहा-नाश्ता, परवा रोख रक्कम, अशी ही पायरी चढत जाते. भाडे दोघांनी निम्मे-निम्मे देण्याची साधी पद्धत रूढ केली, तर ही पायरी पहिल्याच ठिकाणी तुटते. पैज ही क्रिकेटवरही लागते, कुस्तीवरही लागते. म्हणून क्रिकेटला किंवा कुस्तीला आपण जुगार म्हणत नाही. पैज लावणाऱ्याला दोष देतो. हाच न्याय पूललाही लावावयास हवा.

गावपातळीवर काय करता येईल

आपल्याकडील तालमींचा इतिहास या बाबतीत मार्गदर्शक ठरावा. तालीम ही एके काळी दांडगाईची जागा म्हणूनही ओळखली जात होती. वस्तादाचा धाक, पहाटेची हजेरी, व्यसनाला मज्जाव आणि लाल मातीविषयीचा आदर यांमुळे तिला प्रतिष्ठा आली. कुस्ती तीच राहिली. जागेला शिस्त लागली. पूलच्या बाबतीतही सुधारणा करावयाची आहे ती जागेची.

यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. सार्वजनिक करमणुकीच्या जागांसाठी असलेल्या परवान्याच्या व वेळेच्या अटी काटेकोरपणे पाळल्या जातात की नाही, हे संबंधित अधिकाऱ्यांनी पाहावे. दर्शनी भाग मोकळा ठेवणे, भरपूर उजेड, धूम्रपानास पूर्ण बंदी, शाळेच्या वेळात विद्यार्थ्यांना प्रवेश नाही आणि पैजेला थारा नाही, असे फलक लावून ते अमलात आणणे या गोष्टी मालकाच्याही हिताच्या आहेत. रस्त्यावरून आतले सर्व काही स्वच्छ दिसू लागले, की निम्मा संशय आपोआप नाहीसा होतो. अशा जागेत मुलींनाही संकोच न वाटता पाऊल टाकता येईल. चेन्नईच्या अनुपमा रामचंद्रन यांनी २०२५ मध्ये दोहा येथे महिलांचे जागतिक स्नूकर विजेतेपद मिळविले. खेळात शरीरबळाला दुय्यम स्थान असल्यामुळे मुलींना तो सहज जमणारा आहे. त्यांना आडवी येते ती जागेची अपकीर्ती.

पंचायत सदस्यांकडे अशा जागेविषयी तक्रार आली, तर प्रथम तेथे स्वतः जाऊन अर्धा तास बसावे आणि तेथे खेळ चालतो की जुगार, हे डोळ्यांनी पाहावे. जुगार आढळला, तर कायद्याचा बडगा अवश्य उगारावा. खेळच चालत असेल, तर तालुका पातळीवर वर्षातून एक खुली स्पर्धा भरवून तिचे निकाल इतर खेळांच्या निकालांबरोबर फलकावर लावावेत. ज्याचे नाव चारचौघांत फलकावर लागते, तो तरुण स्वतःच्या वागणुकीलाही जपू लागतो, हा अनुभव सर्व खेळांतला आहे.

शिक्षकांकडून अपेक्षा एवढीच, की असा एखादा विद्यार्थी आढळल्यास त्याला रागे भरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : तू रोज किती वेळ खेळतोस, आणि काय शिकलास? पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या व्यसनाचा अंदाज देईल. दुसऱ्याचे उत्तर त्याच्या गुणांचा. ज्याला कोन, फिरकी आणि पुढच्या तीन चेंडूंचा विचार समजावून सांगता येतो, तो मुलगा वाया गेलेला नाही. त्याला अभ्यासाच्या वेळेचे बंधन घालून द्यावे, पैजेपासून दूर राहण्याची शपथ घालावी आणि पुण्याच्या विल्सन जोन्स यांची हकीकत सांगावी.

लोकमत हे कायद्याने बदलत नाही. ते एकेका माणसाच्या अनुभवातून बदलते. मॉस्कोनींच्या वडिलांनी चेंडू कुलपात ठेवले, कारण मुलाने हा खेळ खेळू नये असे त्यांना वाटत होते. आपल्या गावातील एखाद्या बापालाही आज तसेच वाटत असेल. त्याच्या मुलाला भीती घालणारे पुष्कळ भेटतील. त्या जागेत एकदा डोकावून, खेळ पाहून मग मत देणारा एखादा अधिकारी, शिक्षक किंवा पंच त्याला भेटला, तर कुलपातले चेंडू बाहेर येतील आणि ते उजेडात, सर्वांच्या देखत खेळले जातील.